रकान्यात निरंक लिहा म्हणे

सिद्धूदादाला त्या खड्ड्यात मीच उतरवलं.

आज वर्ष झालं. आजवर सगळ्यांना नुसतं "अपघात झाला" एवढंच सांगत आलो.

दादा बदनापूरचा. गुजरातेत बारा वर्षं गॅसच्या प्लास्टिक पाइपांचे जोड मारून गावी परतला. माझ्याकडे डिप्लोमा, त्याच्याकडे हात.
जालन्यात गॅसलाइनचं काम निघालं आणि आम्ही दोघांनी कंपनी काढली. मोठ्या ठेकेदाराच्या हाताखालची, एवढीशी. पण आमची.

बोर्ड लागला त्या दिवशी म्हणाला, "इंजिनियर, आता सायब म्हणावं लागंल का तुला?"
"बिलकुल नाही."
"मंग चहा सांग."

प्रत्येक जोडावर तो मार्करने तारीख आणि स्वतःचं पूर्ण नाव लिहायचा. ऑफिसला फक्त नंबर लागायचा.
मी चिडवायचो, "दादा, पुरल्यावर कोण वाचणार?"
"उद्या लीक झालं तं कोणाला बोलवायचं, ते लिहून असावं न्हाई का?"

आणि जोड थंड होईपर्यंत जागचा हलायचा नाही. कुणाचा धक्का लागू नये म्हणून पाइपाशेजारी बसून राहायचा.

त्या दिवशी रस्त्याखालून पाइप न्यायचा होता. पुरुषभर खोल खड्डा. काळी माती, दोन दिवसांच्या पावसाने फुगलेली. बाजूंना लावायच्या फळ्या अजून आल्या नव्हत्या.

"काळी हाय, इंजिनियर. हिचा भरोसा न्हाई. फळ्या येऊ दे."

मला वरून फोनवर फोन. हे वेळेत झालं तर पुढची लाइन थेट आमच्या कंपनीला मिळणार होती.

मी म्हणालो, "एकच जोड आहे दादा. होऊन जाईल."

तो उतरला. जोड मारला. नेहमीसारखा शेजारी बसला.
आम्ही हातांनी माती उपसली. उशीर झाला होता.

जोड नंतर टेस्टिंगमध्ये पास झाला. त्या जोडाचा मला अजून राग येतो.

काल थेट कामाचा फॉर्म आला. ज्यासाठी कंपनी काढली, तेच काम. त्यात एक रकाना: मागील तीन वर्षांतील जीवघेणे अपघात.

ठेकेदाराच्या मॅनेजरने फोनवर समजावलं. "निरंक लिहा ना. ती केस आमच्या नावावर हाय. छोट्या कंपनीला असा चान्स पुन्हा येत न्हाई."
तेही बराबरच. काम गेलं तर आमच्या सहा माणसांनी जायचं कुठे?

सकाळी बदनापूरला गेलो. मी दादाला काय म्हणालो होतो, ते वहिनीला पहिल्यांदा सांगितलं.
ती तांदूळ निवडत होती. हात थांबले.
"त्या दिवशी फळ्या न्हाई आल्या म्हणून फोन आल्ता त्यांचा. तुम्ही कव्हा सांगता भाऊजी, तेच मी बघून राह्यले होते."

मला रडायलासुद्धा तोंड नव्हतं.

घरी येऊन फॉर्म भरला. रकान्यात दादाचं पूर्ण नाव, तारखेसकट.
कोणाला बोलवायचं ते कळावं म्हणून त्याखाली माझं.

पाठवून दिलाय. काम बहुतेक जाईल.

दादा, फळ्या येईपर्यंत थांबायला हवं होतं रे.

जय भीम.