नातालीनआजीचे रोग

नातालीनआजीने पहिल्या भेटीत मला नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. गास गावातल्या तिच्या घराच्या ओट्यावर मी खांद्यावरची बॅग ठेवली, तोच आतून आवाज आला, "उचल ती. आधी कागद."

मी बॅग उचलली. लाल चौकड्यांचं लुगडं नेसलेली, सत्तरी गाठलेली एक ठेंगणी बाई बाहेर आली आणि तिने बोटांवर मोजत मला क्रम सांगितला. आधी वर्तमानपत्र अंथरायचं, त्यावर बॅग, मग बॅगेतला साबण काढून हात धुवायचे, मग ॲप्रन, आणि त्यानंतर रक्तदाबाचं यंत्र. हाच क्रम मी आठवडाभर पाठ करत होते आणि दारात येऊन विसरले होते. विहिरीच्या पाण्याची बादली तिने आधीच भरून ठेवली होती. मी हात धुतल्यावर तिने माझी नखं तपासली. मग आरामात पाय पसरून बसली आणि म्हणाली, "बोल. तुला रोग कुठला हवा?"

बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आम्हाला एक कुटुंब 'दत्तक' घ्यावं लागायचं. आठ वेळा त्या घरी जायचं, घरातल्यांची तब्येत, जेवण, पाणी, सांडपाणी सगळं बघायचं, काय आजार आहे ते शोधायचं, त्यावर योजना आखायची आणि हे सारं एका जाड फाइलमध्ये लिहायचं. चंदनसारच्या कॉलेजातून दोन रिक्षा आणि एक बस करून मी गासला जायची. हे घर मला आमच्या मॅडमनी दिलं होतं. देताना एवढंच म्हणाल्या होत्या, की आजी प्रेमळ आहेत, सहकार्य करतात.

सहकार्य म्हणजे किती, ते मला त्या ओट्यावर कळलं. डायबेटिस घेतलास तर आहाराचा तक्ता मोठा होतो आणि पानं भरतात, असं आजीने सुचवलं. सांधेदुखी सोपी, पण त्यावर मार्क कमी पडतात. रक्तक्षय गेल्या वर्षीच एकीला दिला होता, तो लगेच परत नको. मी गोंधळून डायबेटिस म्हटलं. आजीने डोळे मिटले आणि तहान, भूक, वारंवार लघवी, वजन घटणं, जखम न भरणं ही लक्षणं आमच्या पुस्तकातल्या क्रमाने घडाघडा सांगितली. मध्येच कोंबडी ओट्यावर चढली तेव्हा तिला आपल्या गावच्या बोलीत झापलं, आणि पुन्हा आमच्यासाठी राखून ठेवलेल्या शुद्ध मराठीत म्हणाली, "पायाला मुंग्या राहिल्या. लिही."

मी इतकी खूश होते की परतताना बसमध्ये एकटीच हसत होते. एका भेटीत अर्धी फाइल झाली होती.

आनंद पुढच्या सोमवारपर्यंत टिकला. मांडणी कशी करायची ते बघायला मी लायब्ररीत मागच्या मुलींच्या फाइली काढल्या. सहा फाइलींत नातालीनआजी होती. एकीत तिला दमा होता, एकीत मोतीबिंदू, एकीत संधिवात. एकीत तिला पाच मुलं होती, दुसरीत एकही नाही. एका फाइलीत तिचा नवरा दारूच्या व्यसनाने खंगला होता, आणि त्यावर चार पानांचं समुपदेशन लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात तो बिचारा नाताळला एक पेला वाइन घेणारा, चर्चमध्ये व्हायोलिन वाजवणारा माणूस होता, हे तिनेच मला फोटो दाखवून सांगितलं होतं. मी लायब्ररीत तोंड दाबून हसले. सगळ्या फाइलींत शेवटी एकच वाक्य होतं: 'विद्यार्थिनीने उत्तम मार्गदर्शन केले. आम्ही आभारी आहोत.'

तिसऱ्या भेटीत मी तिला सरळ विचारलं. आजी जराही ओशाळली नाही. पंधरा वर्षांपूर्वी अशीच एक मुलगी गावात आली होती म्हणाली. तीन घरांनी तिला दारातून परत पाठवलं होतं. चौथं घर आजीचं. आत आली, सगळं तपासलं, आणि रडायला लागली. आजीला वाटलं आपल्याला काही भयंकर झालंय. मुलगी म्हणाली, तुमच्या घरी कुणालाच काही नाही, मी आता फाइलीत काय लिहू.

"मग दिला तिला दमा," आजी म्हणाली. "माझ्या मावशीला होता. मला सगळा ठाऊक होता."

त्यानंतर दर वर्षी मुली येत गेल्या. मुलगा आणि सून सकाळी आठला कामावर निघत ते दिवेलागणीला परतत. मुली आल्या की तो दिवस आजीचा. त्यांच्या फाइली ऐकून ऐकून तिचा अभ्यास होत गेला.

हे ऐकता ऐकता मी तिच्या दंडाला पट्टा बांधला. रक्तदाब घेणं मला नीटसं जमत नव्हतं, कानात ठोके सापडायचे नाहीत. त्या दिवशी सापडले, आणि आकडा एकशे अठ्ठ्याऐंशी आला. मला वाटलं चुकले. आजीलाही तसंच वाटलं. ती म्हणाली, एकशे तीस, ऐंशी लिही, सगळ्या तेच लिहितात. मी दुसऱ्या दंडावर घेतला. तेवढाच. तिला दहा मिनिटं गप्प बसवून तिसऱ्यांदा घेतला. एकशे नव्वद.

सकाळी डोकं दुखतं का, मी विचारलं. हो, ती लगेच म्हणाली. मानेच्या मागे, उठल्या उठल्या, कधी चक्कर. अगदी पुस्तकातल्यासारखं उत्तर. मला कळेना, हे खरं आहे की मला दिलेलं आहे.

मी फाइल मिटून बॅगेत टाकली. "आजी, हे मार्कांसाठी नाही. खरंच दुखतं का?"

तिने नजर वाडीतल्या केळींकडे वळवली. मग हळूच म्हणाली, "दुखतं गं. मला वाटलं, तुम्हा पोरींना सांगून सांगून दुखायला लागलं."

डॉक्टरकडे जायला ती तयार होईना. खरा आजार निघाला तर मुलगा धसका घेईल आणि आईला त्रास नको म्हणून मुलींचं येणं बंद करेल, ही तिची भीती. मी मात्र गप्प बसू शकत नव्हते. दुसऱ्या दिवशी मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन मी आकड्यापासून दम्यापर्यंत सगळं सांगितलं. माझी फाइल बाद होईल, सहा सीनियर मुली माझ्या नावाने बोटं मोडतील, याची मनाची तयारी केली होती.

मॅडम ऐकत होत्या. दम्यापाशी त्यांचे कान लाल झाले.

"तो माझा दमा आहे," त्या म्हणाल्या. "मला वाटत होतं, खोटं फक्त माझ्याच फाइलीत आहे."

मी हसायचं नाही असं ठरवलं होतं. पण आधी मॅडमच हसल्या, मग मी, आणि शेवटी शिपाई दार उघडून बघून गेला. तासाभरात आम्ही दोघी रिक्षाने गासला निघालो होतो. ओट्यावर पोचल्यावर मॅडमनी बॅग ठेवली. कागद न अंथरता. आजीने काय म्हटलं ते सांगायला नकोच.

मॅडमना मात्र ती नाही म्हणू शकली नाही. गावच्या आरोग्य उपकेंद्रातून तिला तालुक्याच्या डॉक्टरांकडे पाठवलं, तपासण्या झाल्या, गोळी सुरू झाली, मीठ कमी झालं, सुकी मासळी आणि लोणचं बंद झालं. मॅडम मुलाशी बोलल्या. तो उलट म्हणाला, या मुली आल्या नसत्या तर आम्हाला कळलंच नसतं. आजीने हे वाक्य मला चार वेळा ऐकवलं, प्रत्येक वेळी मुलाच्या आवाजात.

त्यानंतर ती सुटलीच. स्वतःचा आजार मिळाल्यावर तिचा उत्साह दुप्पट झाला. सहाव्या भेटीला गेले तर ओट्यावर अकरा बायका रांगेत बसलेल्या. रविवारी मिस्साची प्रार्थना संपल्यावर तिने चर्चच्या आवारात प्रत्येकीला गाठून सकाळच्या डोकेदुखीचं विचारलं होतं, आणि उत्तर टाळणाऱ्यांना तर आधी बोलावलं होतं. मी पट्टा बांधत होते, आजी माझ्या शेजारी बसून आकडे ऐकत होती आणि कुणाचा जास्त आला की मान हलवत होती. अकरातल्या तिघी त्या आठवड्यात उपकेंद्रात गेल्या. तोवर शिकलेलं माझ्या हातांत कसं उतरतं, ते मला त्या ओट्यावर पहिल्यांदा कळलं. रांग संपेपर्यंत ठोके शोधायला मला एकदाही कान टवकारावे लागले नाहीत.

आठवी भेट निरोपाची. अभ्यासक्रमातच तसं आहे: कुटुंबाला सांगायचं की भेटी संपल्या, आणि शेवटच्या पानावर त्यांचा अभिप्राय घ्यायचा. मी ते नीट सांगितलं. पूर्वीच्या मुलींच्या निरोपाला आजी पदराने डोळे टिपायची, तेही त्यांच्या फाइलींत होतं. माझ्या वेळी तिने डोळे टिपले नाहीत. पेन मागून घेतलं, चष्मा लावला, आणि ओठ हलवत, एकेक अक्षर कोरत दोन ओळी लिहिल्या. मला वाचू न देता फाइल बांधून दिली.

ती मी मॅडमच्या टेबलावर उघडली. तिथे लिहिलं होतं, 'परत ये. फाइल आणू नको.'

मॅडमनी ते दोनदा वाचलं. असा अभिप्राय विद्यापीठाच्या चौकटीत बसत नाही म्हणाल्या, आणि खाली सही केली. त्या रविवारी मी रिकाम्या हातांनी गासची बस पकडली.