देवाजीभाऊंची ओळ

पुराच्या नोंदीचं रजिस्टर देवाजीभाऊ अठ्ठावीस वर्षं लिहीत होते. वडसा, सावली, चामोर्शी, सिरोंचा, पाणी मोजणारी चार ठाणी: नदी जशी वाहते तशाच ओळी, कुठे खाडाखोड नाही. चंद्रपूरच्या त्या कचेरीत साहेब बदलले, छप्पर दोनदा गळलं, पण रजिस्टर तसंच. त्यांची लेक कमला चामोर्शीकडे अगदी काठावरच्या गावात दिलेली. तरी चामोर्शीचा आकडाही ते बाकीच्यांसारखाच लिहीत.

एकोणनव्वद साली तिथे कॉम्प्युटर आला आणि त्याच्यासोबत प्रोग्राम लिहिणारा तरुण खुशाल आला. चारही ठाण्यांतून टेलिफोनच्या तारेवरून यूडीपी नावाच्या पद्धतीने आकड्यांची छोटी पाकिटं यायची. पाठवणारा पाकीट टाकून मोकळा. पोचलं की नाही, विचारायची सोय नाही. यंत्राला चार सॉकेट, म्हणजे चार दारं, प्रत्येक ठाण्याला एक. कोणत्या क्रमाने ऐकायचं, हे खुशालने देवाजीभाऊंना विचारलं. त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं. खुशालने प्रोग्राम तसाच लिहिला, वरच्याचं आलं की मगच खालचं, आणि स्वतःवर खूष झाला.

ऑगस्टात वैनगंगा चढली. वडशाची तार तुटली, आणि प्रोग्राम वडशाच्या दाराशी वाट पाहत ठाण मांडून बसला. बाकीच्या दारांशी पाकिटांचा ढीग साचला, जागा संपली, नवी येतील ती वाया जाऊ लागली. पडद्यावर चामोर्शीचं पाणी सकाळचंच दिसत होतं. देवाजीभाऊ मात्र सवयीने ठाण्यांचा वायरलेस ऐकत लिहीत होते. त्यांच्या आकड्यावरून इशारा गेला, काठावरची गावं वेळेत उठली. कमलाचंही.

शरमेने खुशालने रजिस्टर ओढून घेतलं आणि प्रथमच वेळेचा रकाना नीट वाचला. सिरोंचा नऊ वाजून चार. सावली नऊ दहा. वडसा कोरं, तिथला वायरलेसही बंद होता. वरून खाली क्रमाने काहीच लिहिलेलं नव्हतं.

"नदी वरून खाली येते, खुशालभाऊ. खबर तशी नाई येत," देवाजीभाऊ म्हणाले. "जो बोलन त्याचं मी लिहितो. गप्प असन त्याची ओळ सोडतो. तुमी रजिस्टर कसं दिसते ते इचारलं होतं."

खुशाल थक्क झाला. पुस्तकं वाचून जे त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं, ते हा माणूस तो जन्मण्याआधीपासून करत होता. त्याने प्रोग्राम मोडून पुन्हा लिहिला. आता यंत्र आधी विचारायचं, कोणत्या दाराशी काही आलंय. तिथलं सगळं उचलायचं, रिकाम्या दाराशी क्षणभरही थांबायचं नाही. हरवलेल्या पाकिटाचा शोक नाही, पाव तासाने ताजं येणारच.

सप्टेंबरात पुन्हा पूर आला. पडद्यावरच्या तीन ओळी दर पाव तासाला बदलत होत्या. चामोर्शीची दोन तास हलली नाही, वायरलेसवरही तिथून काही येईना. खुशालला राहवेना. सगळं थांबवून फक्त तेवढं एक दार ऐकावं म्हणून त्याने हात पुढे केला.

देवाजीभाऊंनी तो हात धरला. त्यांचा स्वतःचा हात गार पडला होता.

"राहू द्या," ते म्हणाले. "बाकीच्या गावाइत लेकी नाईत का?"

खुशालने हात मागे घेतला. सावलीचा आकडा आला, मग सिरोंच्याचा. देवाजीभाऊंनी दोन्ही लिहिले आणि चामोर्शीची ओळ कोरी सोडली.