तिसऱ्या फळीवरची डबी

हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. मुलाला नाही, सुनेला नाही, फोनवर बहिणीलाही नाही. देवासमोर बसते तेव्हा हे एवढं सोडून बाकीचं सांगते—जसं काही त्याला तेवढंच ऐकू जाणार आहे. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. म्हणून तुम्हाला सांगणं जमेल असं वाटतं. बघू.

ट्रॉय म्हणून डेट्रॉइटजवळ गाव आहे, तिथे मी मुलाकडे राहते. आमचे हे गेल्यावर मुलाने मला आणलं. तो मोटारींच्या कंपनीत इंजिनियर, सून वैशाली बँकेत. सकाळी आठला दोघं गेली की संध्याकाळी सहापर्यंत घरात मी आणि फ्रीजचा आवाज. माझं शिक्षण चौथीपर्यंत. मला इंग्रजी येत नाही असं सगळे धरून चालायचे. पण दिवसभर टीव्ही बघणाऱ्या बाईला दोन वर्षांत किती कळायला लागतं, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. लोक आपल्यासमोर मोकळं बोलतात, आपल्याला उत्तर द्यावं लागत नाही. सोयीचं असतं ते.

शेजारी वॉल्टर राहायचा. पंच्याहत्तरी उलटलेला, बायको गेलेली. त्याचं गावात औषधाचं दुकान होतं, जिथे औषध हाताने बनवून द्यायचे तसलं. दुकान बंद झाल्यावर त्याने आपली अवजारं घरी आणली आणि गॅरेजमध्ये फळ्यांवर मांडली. दुपारी दोन वाजता त्याच्या गॅरेजचं दार घरघरत वर जायचं. तो आत बसून लाकडाला तेल लावायचा.

एकदा मी बाहेर पापड वाळत घालत होते आणि सहज तिकडे नजर गेली. खाचा पाडलेला एक पाट दिसला. न विचारता दुसऱ्याच्या घरात शिरायचं नसतं, हे वैशालीने मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. मी शिरले.

कारण तो पाट कशाचा ते मला कळलं होतं. माझे वडील वैद्य. कराडच्या पुढे आमचं गाव. चौथीनंतर त्यांनी मला शाळेतून काढलं ते गोळ्या वळायला—माझा हात बारीक आणि कोरडा, गोळी चिकटायची नाही. शाळा सुटल्याचं मला वाईट वाटलं नाही, खोटं कशाला सांगू? लग्न होईपर्यंत आठ वर्षं मी गोळ्या वळल्या. पुढे संसारात भाकऱ्या, मुलं, सासूचं आजारपण, सगळं केलं. पण तुझा हात चांगला आहे असं त्या आठ वर्षांनंतर मला कुणी म्हणालं नाही.

वॉल्टरने हाकललं नाही. कणकेचा गोळा घेतला, त्याची वळी केली, पाटावर आडवी ठेवून वरून खाचांची फळी फिरवली. एका झटक्यात चोवीस गोळ्या पडल्या. मग माझ्याकडे बघितलं, जादू दाखवल्यासारखं. मी उरलेली कणीक घेतली आणि नुसत्या तळहातावर वळून दाखवली. त्याने माझी गोळी आणि त्याची गोळी शेजारी शेजारी ठेवली, चष्मा काढून, वाकून बघितलं. मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, "यू आर हायर्ड."

वैशालीच्या मैत्रिणी मला काकू म्हणायच्या, ते ऐकून तोही काकूच म्हणायला लागला. ते माझं नाव आहे असं त्याला वाटलं होतं. मी कधी दुरुस्त केलं नाही.

त्यानंतर रोज दुपारी मी जायची. सुंठ कुटून, गुळात मळून आम्ही गोळ्या करायचो. खात कोणीच नव्हतं. मुलगा जेवताना म्हणायचा, "आई, फॅक्टरी काढलीस म्हणे. पगार तरी देतो का तो?" वैशाली म्हणायची, "राहू दे रे, आईंचा टाइमपास होतो." मी आमटी वाढायची. टाइमपास? दोन वाजायची वाट बघत मी सकाळपासून तीन वेळा वेणी घालायची. साठी उलटलेली बाई. याला तुम्ही जे काही नाव द्याल ते द्या, मी देत नाही. मला तिथे बसायला आवडायचं. तो त्याच्या भाषेत बोलायचा, मी माझ्या, आणि मधे हात चालायचे.

तिसऱ्या फळीवर, डावीकडून चौथी, एक लाकडी डबी होती. संत्र्याएवढी गोल, मधोमध उघडणारी, कुंकवाच्या करंड्यासारखी. गोळ्यांना चांदीचा वर्ख चढवायची. तसलीच डबी माझ्या वडिलांकडे होती. मोठ्या घरच्या रोग्यांना वर्खाच्या गोळ्या लागायच्या. गोळीला डिंकाचं बोट लावायचं, डबीत वर्ख टाकायचा, गोळ्या टाकायच्या आणि कानाशी धरून गोल गोल हलवायची. आधी ओला, दबका आवाज येतो. वर्ख बसला की आवाज कोरडा होतो, टणक होतो. तेव्हाच उघडायची. तो क्षण आमच्या घरात फक्त मला ओळखता यायचा, वडिलांनाही नाही. लग्न ठरल्यावर मी ती डबी मागितली. वडील म्हणाले, ती घराण्याची आहे, घराण्यात राहील. ती भावाकडे गेली. त्याने आयुष्यात एक गोळी वळली नाही.

हे सबब म्हणून सांगत नाही. डबी काय आहे ते कळावं म्हणून सांगतेय.

दिवाळी जवळ आली होती. वॉल्टरने एक दिवस ती डबी काढून माझ्या हातात दिली आणि वर्ख कित्येक वर्षांत बघितला नाही असं म्हणाला. मिठाईला लावायला वैशालीने भारतीय दुकानातून वर्ख आणलेला होता. मी खुणेने सांगितलं, आमच्या घरात आहे. तो एवढा खूश झाला की त्याने डबीत नऊ गोळ्या घातल्या आणि डबी माझ्या पदरात ठेवली. उद्या आण, म्हणाला. टुमॉरो, काकू.

घरी येऊन, खोलीचं दार लावून मी वर्ख चढवला. कानाशी धरून हलवली. आवाज बदलला तो मला बरोबर कळला. पन्नास वर्षांनी कळला. उघडली तर नऊ चांदीच्या गोळ्या.

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. का? पाहुणे येणार होते, फराळ करायचा होता—हे खरं आहे. पण दोन मिनिटांचं तर अंतर. खरं कारण वेगळंच. मला अजून एक दिवस ती माझ्याजवळ हवी होती. तिसऱ्या दिवशी अजून एक.

चौथ्या दिवशी त्याची मुलगी नॅन्सी ओहायोहून आली. ती मधूनमधून यायची, घरात फिरून बघायची—गॅस बंद आहे का, औषधं वेळेवर घेतली का. उन्हाळ्यात एकदा त्याच्याकडून शेगडी चालू राहिली होती, तेव्हापासून तिला त्याला म्हाताऱ्यांच्या होममध्ये ठेवायचं होतं. तो नको म्हणायचा. त्याचं म्हणणं, माझं डोकं शाबूत आहे. मी खिडकीतून बघितलं तर गॅरेजमधली सगळी खोकी बाहेर, आणि तो मधोमध उभा. डबी मला दिल्याचं तो विसरला होता. डबी होती हे विसरला नव्हता.

संध्याकाळी नॅन्सी त्याला घेऊन आमच्या दारात आली. वैशाली मधे उभी राहून माझ्यासाठी मराठीत सांगायला लागली, "आई, वॉल्टरचा एक लाकडी बॉल हरवलाय. त्यात सिल्व्हरचं काहीतरी करायचे. नॅन्सी म्हणतेय तो त्यांनी दुकानाबरोबर विकला, कधीच. ते म्हणतात, नाही, गॅरेजमध्येच होता, काकूंना विचारा, त्यांनी पाहिलाय. तुम्ही पाहिलात का?"

मला तिने सांगायच्या आधीच सगळं कळलं होतं. नॅन्सी हळू आवाजात वैशालीला काय म्हणाली, तेही कळलं होतं. बाबांना आता नसलेल्या वस्तू दिसायला लागल्यात, म्हणाली. वॉल्टर माझ्याकडे बघत होता. अगदी निवांत. काकू सांगेल आणि विषय संपेल, असा. डबी माझ्या खोलीत, ट्रंकेत होती, वीस पावलांवर.

मी म्हणाले, "कसला बॉल?"

वैशालीने इंग्रजीत सांगितलं. त्याने मान वळवली आणि आमच्या दाराची चौकट धरली.

आता काढून दिली तर चोरी केली म्हणतील, मुलाची मान खाली जाईल, अशी भीती वाटली, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. भीती होती. पण भीतीच्या आधी दुसरं काहीतरी होतं. मला ती हवी होती. एका बापाने नाही दिली, म्हणून मी दुसऱ्याच्या बापाला वेडा ठरू दिलं.

बर्फ पडायच्या आत त्याला होममध्ये घेऊन गेले. अवजारं खोक्यांत भरून नॅन्सीने कुणाला तरी दिली. त्याआधी मी ती मागू शकले असते, तेल लावत राहू शकले असते. कुठल्या तोंडाने?

जानेवारीत वैशाली मला गाडीतून त्याला भेटायला घेऊन गेली. मी नको म्हणत होते. तो खिडकीशी बसला होता, कुणीतरी त्याचा भांग उलट्या बाजूला पाडला होता. मला त्याने लगेच ओळखलं. काकू, म्हणाला. मग हळूहळू, मला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करत म्हणाला की नॅन्सीचंच बरोबर होतं. डबी दुकानाबरोबर विकली. मी तुला सगळ्यांसमोर विचारायला नको होतं. सॉरी.

वैशालीने मराठीत सांगितलं, "आई, ते माफी मागतायत."

वैशाली होती, बाहेर गाडी उभी होती, अजून दिवस होता. अर्ध्या तासात डबी आणून त्याच्या मांडीवर ठेवता आली असती. मी मान हलवली. असू दे, अशी. आणि मी माफी घेतली.

एप्रिलमध्ये तो गेला.

आता सात वर्षं झाली. त्या घरात दुसरी माणसं आली आहेत. त्यांच्या गॅरेजचं दार तसंच घरघरतं, कधीही, केव्हाही. दुपारचं घरघरलं की मी अजून उठून उभी राहते.

डबी ट्रंकेत आहे, लुगड्यांच्या खाली. गोळ्यांवरची चांदी काळी पडली आहे. हलवली की आवाज मात्र कोरडा येतो, टणक, हवा तसा. त्या त्याने बघितल्या नाहीत.

दुकानाबरोबर ती विकली नव्हती. तिसऱ्या फळीवर होती, डावीकडून चौथी. त्याला बरोबर आठवत होतं.