मशीनमध्ये न मावलेली आत्या

स्वतःच्या हळदीत स्वतःच वाजवायचं असं मी ठरवलं, तेव्हा मला कोणीही अडवलं नाही. वरोरला आमच्या आळीत एखादा उलट्या दिशेने बोट काढून निघाला तरी लोक आधी किनाऱ्यावर उभे राहून बघतात. विचारायचं ते तो परत आल्यावर.

मी हळदींत, लग्नांत कीबोर्ड वाजवतो. साधा नाही, वर्कस्टेशन. त्यात सिंथेसायझर आहे, तो जगात नसलेले आवाज तयार करतो. सँपलर आहे, तो जगात असलेले आवाज पकडतो आणि सांगाल त्या पट्टीवर नेऊन बसवतो. पट्टी दाबली की आवाज हजर. आणि सीक्वेन्सर आहे, तो हे सगळं ठरवलेल्या क्रमाने आपोआप वाजवत राहतो, वाजवणारा उठून वडापाव खायला गेला तरी. या तिघांत माझं प्रेम तिसऱ्यावर. कलाकाराने मोकळं असावं, असं माझं तेव्हा मत होतं.

आमच्याकडे हळदीला धवला लागतो. धवला म्हणजे लग्नात गायचं लांबलचक गाणं, आणि ते गाणारी बाई म्हणजे धवलारीण. भटजी उशिरा आला तर लोक चहा पितात. धवलारीण उशिरा आली तर सगळं ठप्प. कारण काय करायचं ते गाणं सांगतं. गाण्यात 'आई' आली की आईने उठायचं आणि हळद लावायची. 'काकी' आली की काकीने. हाक आल्याशिवाय उठायचं नाही, हाक आली की बसून राहायचं नाही. आणि शेवटचं कडवं होईपर्यंत धवला तोडायचा नाही, नवऱ्याने पाटावरून पाय खाली ठेवायचा नाही.

आमच्या गावची धवलारीण माझी सख्खी मावशी. पण माझ्या हळदीच्याच सकाळसाठी तिने पलीकडच्या गावातल्या घरी आधीच शब्द दिलेला. शब्द मोडणं तिला जमेना आणि भाच्याची हळद दुसरीने गायलेली चालेना.

"तुझ्या त्या डब्यात भर मला," ती म्हणाली. "मी तिकडे गाते, डबा इकडे गाईल."

ही कल्पना तिची. पुढचं सगळं माझं.

एका दुपारी मी तिच्या ओट्यावर माइक लावला. गाणं सोपं होतं: "मांडवाच्या दारी गो कोण आली," मग नातं, मग "हळद लावाया आली." मी म्हटलं, ओळ एकदाच गा, आणि नाती सुटी सुटी दे. मी ती एकेका पट्टीवर बसवतो.

"नुसतं काकी कुणाला म्हणू? समोर कोण आहे?"

"कोणी नाही, मावशी. नुसतं म्हण."

"समोर कोणी नसताना हाक मारायला मी काय वेडी आहे?"

शेवटी मी तिचा टॉवेल डोक्यावरून घेऊन पाळीपाळीने आई, काकी, मामी आणि वहिनी म्हणून तिच्यासमोर उभा राहिलो. मामीच्या वेळी तिने मला कंबर सरळ करायला लावली, कारण मामी ताठ चालते. शेवटी मी आत्या झालो. मावशी थांबली, घोटभर पाणी प्यायली आणि तिने 'आत्या' असं लांबवलं की मी टॉवेल सावरत खरंच दोन पावलं पुढे गेलो.

त्याला कारण होतं. आई आणि आत्या कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. बोंबील वाळत घालायच्या वलांडीवरून भांडण. कोणाच्या बांबूवर कोणी बोंबील टांगले, एवढंच. आत्या डहाणूकडे दिलेली, कासाच्या बाजारात सुकी मासळी विकते, पण आमच्या दारात तिने पाय ठेवला नव्हता. माझ्या लग्नाचं ठरल्यावर आई एकटी जीपमध्ये बसून कासाला गेली आणि सुकटीच्या पाट्यांपुढे उभी राहून आमंत्रण देऊन आली. आत्या एवढंच म्हणाली, "हाक मारशील तर येईन." घरी आल्यावर आईने मला बजावलं, "तिची हाक शेवटी आली तरी चालेल. पण चुकायची नाही."

मी म्हटलं, "आई, माणूस चुकतो. मशीन चुकत नाही."

मशीन खरंच चुकलं नाही. मावशीचे सगळे आवाज भरून झाल्यावर त्याने पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी दाखवल्या आणि खाली ओके. मी न वाचताच ओके दाबलं. आजवर मी त्या मशीनला कधी नाही म्हटलेलं नव्हतं. त्यात लिहिलं होतं की मेमरी भरली आहे, शेवटचा आवाज सेव्ह झालेला नाही, पुढे जायचं का. मशीन चालू होतं तोवर आत्या आत होती. मी पाचही हाका वाजवून बघितल्या, खूश झालो आणि स्विच बंद केला. आत्या गेली.

मेमरी कशाने भरली होती? चारोटी नाक्यावरच्या ट्रकच्या हॉर्नने. डहाणू रोड स्टेशनवरच्या घोषणेने. काकांच्या बोटीच्या इंजिनाने. आणि शेजाऱ्यांच्या कुत्र्याने, जो मी अगदी शेवटच्या पट्टीवर बसवला होता. नाचाच्या गाण्यात तो मध्येच भुंकला की पोरं वेडी व्हायची.

हळदीच्या सकाळी मी मांडवात मशीन लावलं. मुलांनी बटणं दाबू नयेत म्हणून पॅनेल लॉक केलं. आमच्याकडे लाइट जाते म्हणून इन्व्हर्टर जोडला. मग स्टार्ट करून, उघड्या अंगाने, हातात नारळ धरून पाटावर जाऊन बसलो. गाण्याचे दोन भाग केले होते: पहिल्यात नाती, दुसऱ्यात शेवटचं कडवं. सरावासाठी पहिला भाग लूपवर ठेवला होता, म्हणजे संपला की पुन्हा पहिल्यापासून. तो लूप मी काढला होता, अशी माझी समजूत होती.

मावशीचा आवाज मांडवात घुमला आणि बायका सरसावून बसल्या. आई आली, हळद लावली. काकी आली. मामी ताठ चालत आली. वहिनी आली. समोर खांबाजवळ आत्या बसली होती, नवं लुगडं नेसून. तिने गुडघ्यावर हात टेकला, उठायच्या तयारीत.

"मांडवाच्या दारी गो कोण आली..."

आणि काहीच नाही. ढोलकी वाजत राहिली. मधली जागा कोरी. मग मावशीच "हळद लावाया आली" म्हणून मोकळी.

कोण आली ते मावशीने सांगितलंच नव्हतं. आत्याने गुडघ्यावरचा हात काढून मांडीवर ठेवला. मला वाटलं, आता शेवटचं कडवं येणार आणि सगळा सत्यानाश होणार. पण शेवटचं कडवं आलं नाही. पुन्हा 'आई' आली.

आई गोंधळली. पण हाक मावशीची होती. तिने पुन्हा हळद लावली. पुन्हा काकी, पुन्हा मामी.

"माझं झालं होतं ना रे?" मामी माझ्या कानाशी पुटपुटली.

"हाक आली की उठायचं," काकी मागून म्हणाली. "बहुतेक नवीन पद्धत असेल."

पुन्हा वहिनी. पुन्हा कोरी जागा. या वेळी सगळ्या बायकांनी खांबाकडे बघितलं. हाक एकदा चुकली तर मशीन चुकलं म्हणता येतं. त्याच जागी पुन्हा चुकली तर कोणीतरी ठरवून केलं, असं होतं. आणि ते कोणी केलं असेल, याबद्दल आळीत फार मतं नव्हती. आईचा चेहरा हळद नसतानाही पिवळा पडला.

मी पाटावर अडकलेलो. गालावरचा पहिला थर वाळून कातडी ओढायला लागला होता, त्यावर दुसरा, आता तिसरा. तोंड उघडलं की पापुद्रे तडकत. संध्याकाळच्या मुहूर्ताला नवरीकडे तलासरीत पोचायचं होतं, गाडी दारात उभी होती. मशीन माझ्यापासून चार हातांवर आणि मला उठता येत नव्हतं. मी काकांना खुणावलं. काकांनी आयुष्यभर बोटीचं इंजिन सांभाळलंय. जगातलं कुठलंही यंत्र आपण बंद करू शकतो, यावर त्यांचा विश्वास आहे. इंजिनापायी त्यांना ऐकू मात्र कमी येतं.

"काका, लॉक काढा. डावीकडची दोन बटणं एकदम दाबा."

"काय?"

"दोन बटणं."

"वायर काढू म्हणतोस?"

"वायर नका काढू," सगळ्या बायका एका आवाजात म्हणाल्या. "मध्ये तोडायचं नाही."

तेवढ्यात लाइट गेली. पंखे थांबले. माझ्या जिवात जीव आला. लाइट गेली तर ती कोणाची चूक नाही. कोणाला काही म्हणता येत नाही आणि धवला तुटल्याचा दोष महावितरणकडे जातो. पण मावशी गातच राहिली. इन्व्हर्टर उत्तम चालत होता.

त्या क्षणी मी जेवढ्या कड्या मोजल्या तेवढ्या माझ्याच हातच्या निघाल्या. न वाचता ओके मी दाबलेलं. लॉक मी लावलेलं. इन्व्हर्टर मी जोडलेला. लूप मी ठेवलेला. हळदसुद्धा मीच दुप्पट आणायला सांगितली होती, फोटो चांगले येतात म्हणून.

काका बटणं दाबत होते, मशीन दाद देत नव्हतं. लॉक असलं तरी पट्ट्या वाजतात, हे त्यांना माहीत नव्हतं. वहिनीने हळद लावून हात मागे घेतला. मावशीने विचारलं, "मांडवाच्या दारी गो कोण आली..." आणि नेमक्या त्या कोऱ्या जागेत काकांचं कोपर शेवटच्या पट्टीवर पडलं.

कुत्रा भुंकला.

"हळद लावाया आली," मावशी म्हणाली.

मांडवातली मुलं खो खो हसली. मोठ्या माणसांनी हसू गिळलं, तेही ऐकू आलं. आत्या उठली. तिने पिशवी घेतली, लुगडं झटकलं आणि माझ्याकडे बघितलं.

"हे कुत्रं त्या पेटीत कोणी घातलं?"

"मी, आत्या."

"आणि मी?"

"जागा संपली होती, आत्या."

"बरोबर," ती म्हणाली. "कुत्र्याला जागा होती." आणि ती चपला शोधायला मांडवाच्या दाराकडे निघाली.

"आत्या, थांब. मी बोलावतोय ना तुला."

"हे तू बोलतोस. धवल्यात कुठे आहे?"

ती बरोबर बोलत होती. गाण्याबाहेर मारलेल्या हाकेला हळदीत किंमत नव्हती. मग हाक गाण्यातच मारायला हवी होती. माझा गळा कसा आहे ते सांगतो: शाळेत प्रार्थनेला गुरुजी मला नुसते ओठ हलवायला लावत. कीबोर्डकडे मी वळलो तोच त्यामुळे. पण चपला सापडायला आत्याला फार वेळ लागणार नव्हता.

आई, काकी, मामी, वहिनी. मी श्वास भरला. "कोण आली..." असं मावशीने विचारलं आणि मी घाबरून थांबलोच. तेवढ्यात ओळ संपून लूप फिरला, नवा प्रश्न झाला आणि माझा "आत्या" मावशीच्या 'आई'वर जाऊन आदळला. आईला कळेना की ही हाक नक्की कोणाची; ती दोन पावलं पुढे आली आणि हळदीचा हात तसाच धरून थांबली. आत्याला एक चप्पल सापडली होती.

पुन्हा आई, जी आता हललीच नाही. काकी, मामी, वहिनी. या वेळी मी ढोलकीकडे लक्ष ठेवलं, जसं दुसऱ्यांच्या लग्नांत पोटासाठी ठेवतो तसं. "मांडवाच्या दारी गो कोण आली..."

"आत्या..."

आवाज मधोमध फाटला. गालावरची हळद तडकून नारळावर पडली. त्या क्षणाचे व्हिडिओ आळीतल्या प्रत्येक फोनमध्ये आहेत आणि त्यात मी दाव्याला बांधलेल्या रेड्यासारखा ऐकू येतो. पण आवाज जागेवर पडला. मागून मावशी म्हणाली, "हळद लावाया आली."

आत्या एका पायात चप्पल घालून उभी होती. हाक आली की बसून राहायचं नाही, हा नियम तिलाही लागू होता. तिने चप्पल काढली. पिशवी खांबाजवळ ठेवली. आली, वाटीत पंजा बुडवला आणि माझ्या दोन्ही गालांवर लावला. लावला म्हणजे, जरा जोरातच लावला.

"पेटी बंद कर तुझी," ती म्हणाली. "शेवट मला येतो."

आणि कासाच्या बाजारात जीपच्या हॉर्नवरून पलीकडे पोचतो त्या आवाजात तिने शेवटचं कडवं उचललं. मशीनमधली मावशी त्याखाली बुडून गेली. काकांना एवढं ऐकू आलं, आणि त्यांनी स्पीकरवरचं आवाजाचं गोल बटण हळूच शून्यावर आणलं. धवला कुठेच तुटला नाही. दुसऱ्या ओळीला आत्याला शब्द आठवेना. शेजारी आई उभी होतीच, हळदीचा हात तसाच वर धरून. तिने ओळ पुढे नेली. दोघी एकमेकींकडे न बघता शेवटपर्यंत गेल्या.

मी पाटावरून पाय खाली ठेवला तेव्हा त्याला मुंग्या आल्या होत्या.

तलासरीला आम्ही मुहूर्ताला टेकून पोचलो. अंतरपाट दूर झाल्यावर बायकोचे माझ्याशी पहिले शब्द होते, "एवढी हळद?" तिला ते सगळं सांगायला मला बरेच दिवस लागले, कारण दर वेळी कुत्र्यापाशी येऊन ती हसायला लागायची.

कुत्रा मी आता पुसून टाकलाय. मेमरीत भरपूर जागा आहे. मावशी पुन्हा गायला तयार आहे, मी पुन्हा टॉवेल घ्यायला तयार आहे. आत्या तयार नाही.

"ती जागा भरायची नाही," तिने बजावलंय. "तिथे तूच ओरडायचं."

वरोरपासून आशागडपर्यंत सगळ्यांच्या फोनवर तो व्हिडिओ पोचलेला, त्यामुळे मावशीच्या बदली पेटी घेऊन कोणाच्याही हळदीला गेलो तरी लोकांना मशीनची आत्या चालत नाही. लोक विचारतात, आत्याला तुम्हीच बोलावणार ना? मग मी सीक्वेन्सर लावतो आणि मशीनशेजारी माइक धरून बसून राहतो. आई, काकी, मामी, वहिनी. जागा कधी येईल याचा नेम नाही असं नाही, ती नेमकी माहीत असते. म्हणूनच उठता येत नाही. बाकीचे वाजवणारे मांडवामागे जाऊन खाऊन येतात. माझा वडापाव स्पीकरवर ठेवलेला असतो, ठेक्याबरोबर हलत, थंड होत.