शाईचा ठिपका

पडद्यावर जठर स्वच्छ दिसत होतं. गाठ मात्र कुठंच दिसेना.

"शाई कुठाय?" मी विचारलं. ऑपरेशन थिएटरातली नर्स फाइल चाळू लागली.

टेबलावर वाघमारे सर होते, बेला गावच्या शाळेतले गणिताचे मास्तर. जठराचा कॅन्सर, लवकर सापडलेला. आठवड्यापूर्वी ते माझ्यासमोर वहीत तीन रकाने आखून बसले होते. पहिला, तोंडातून दुर्बीण घालून गाठ सोलून काढणं. तो मी खोडला, कारण गाठ अस्तराच्या खाली उतरली होती. दुसरा लॅप्रोस्कोपी, म्हणजे पोटाला चार-पाच छिद्रं, कॅमेरा आणि लांब अवजारं. तिसरा रोबोट, त्यासाठी हैदराबाद.

"रोबोटनं काऊन नाही, मॅडम? मशीन चुकत नाही म्हणतात."

"सर, रोबोट स्वतः काही करत नाही. त्याचे हात सर्जनच चालवतो. छिद्रं जवळपास तेवढीच. तुमच्या गाठीला दोन्ही सारखंच."

"मंग तुमीच करा. फक्त पूर्ण जठर नका काढू. खायचा लय शौक आहे मले."

मी हो म्हटलं. खालचा भाग काढून भागणार होतं. पण छिद्रांतून बोटं आत जात नाहीत, एवढीशी गाठ चाचपता येत नाही. म्हणून आधीच एंडोस्कोपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, जठराच्या भिंतीत शाईचं इंजेक्शन देतात. बाहेरून ठिपका दिसतो, त्यावरून कुठं कापायचं ते ठरतं.

हे सगळं सरांना मी चित्र काढून समजावलं. शाईची ऑर्डर लिहायची तेवढी राहिली! तीन रकान्यांवर अर्धा तास बोलले आणि एक ओळ लिहिली नाही. अंदाजानं कापावं तर कॅन्सर आत राहायचा. पूर्ण जठर काढावं तर सरांना दिलेला शब्द मोडायचा.

एंडोस्कोपीवाल्या डॉक्टर रेड्डींना ओपीडीतून बोलावलं. ते येईपर्यंत वीस मिनिटं गेली. मी घाबरले होते, आणि मास्क होता म्हणून बरं.

रेड्डींनी तोंडातून दुर्बीण घातली. "लाइट कमी करा." जठराच्या भिंतीतून उजेड बाहेर झिरपला. "इथं आहे." मी तिथंच खुणेचा टाका घातला. गाठीच्या वर कापायला अंतर पुरेसं होतं. सरांचं एक तृतीयांश जठर राहिलं.

तपासणीत कापलेल्या कडा स्वच्छ आल्या, म्हणजे कॅन्सर मागे राहिला नव्हता. मग मी सरांना माझी चूक सांगून टाकली. त्यांनी वही काढून तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं.

"रोबोट असता तर?"

"त्यालाही खूण लागलीच असती."

"म्हंजे मशीनचा दोष नाही. बाईनंच होमवर्क नाही केला. बाकावर उभं केलं असतं तुमाले."

आता माझ्या ऑपरेशनच्या कागदावर पहिली ओळ शाईची असते. लॅप्रोस्कोपी की रोबोट, ते दुसऱ्या ओळीत.