आत्तींच्या कॉटखालून जाणाऱ्या मुंग्या

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे... पण खरं सांगायचं तर चहाबरोबर करमणूक म्हणून. मिरजेतल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. स्लाइडवर दिसतं ते आहे, दिसत नाही ते नाही — अशी डोक्याला सवय लागलेली. घरात कुणी मीठ-मोहरी घेऊन दृष्ट काढायला लागलं तरी मी उठून आत जाते. तेव्हा आपणच एक दिवस असं काही लिहायला बसू, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमचं घर मिरजेत, स्टेशनपासून पायी जाण्याइतक्या अंतरावर, पहिल्या मजल्यावर. दारातून आत आलं की हॉल, डाव्या हाताला स्वयंपाकघर, समोर गॅलरी. घर जुनं नाही, त्याला काही इतिहास नाही. आम्ही घेतलं तेव्हा नवंकोरं होतं.

माझ्या सासूबाई त्या वेळी आमच्याकडे होत्या. सासर माण तालुक्यातलं, दहिवडीच्या पलीकडचं. आमच्याकडे सासूला आत्ती म्हणतात. आत्तींचा जन्म मेंढरांमागे गेला. आता गावी थोडी शेती, थोडी शेरडं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाले म्हणून त्यांना इकडे आणलं होतं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं थोड्या दिवसांनी ठरलं होतं, आणि मधल्या काळात धूळ नको म्हणून गावी जायची मनाई. हॉलमध्ये गॅलरीच्या दाराजवळ त्यांची कॉट टाकली होती. काळा चष्मा लावून त्या दिवसभर तिथे बसायच्या. माझा नवरा, संजय, कराडला एका वर्कशॉपमध्ये आहे. तिथेच खोली घेऊन राहतो आणि सुट्टीला घरी येतो. त्यामुळे आठवडाभर घरात आम्ही दोघीच.

मुंग्या आल्या त्या एप्रिलच्या सुरुवातीला. ओट्याखालच्या फटीतून निघायच्या, भिंतीच्या कडेने हॉलमध्ये यायच्या, आत्तींच्या कॉटखालून जायच्या आणि गॅलरीत दिसेनाशा व्हायच्या. बारीक, तांबूस, एकीमागे एक. प्रत्येकीच्या तोंडात काहीतरी पांढरं. उन्हाळ्यात मुंग्या कुणाच्या घरात येत नाहीत? मला नवल वाटलं ते एवढंच, की वाटेत गुळाचा खडा पडला होता, त्याला त्या वळसा घालून गेल्या. चिकटल्या नाहीत, थांबल्यासुद्धा नाहीत.

मी नेहमीचे उपाय केले. हळद टाकली, कापराचं पाणी शिंपडलं, फट साबणाने बुजवली. थोडा वेळ रांग विस्कटायची, मग पुन्हा लागायची. माझी सकाळची ड्युटी असते. दुपारी घरी यायचं, जेवायचं आणि आत्तींच्या कॉटशेजारी चटई टाकून आडवं व्हायचं, हा माझा क्रम. गॅलरीचा पडदा ओढलेला, पंखा संथ फिरतोय, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही...

अशाच एका दुपारी मला ते स्वप्न पडलं.

मी एका मोठ्या माळावर चालत होते. ऊन नव्हतं, पण उजेड होता — सूर्य कुठे आहे ते कळू नये असा, सगळीकडून सारखा येणारा. माझ्या पुढे माणसं, मागे माणसं, सगळी एका ओळीत. प्रत्येकाच्या डोक्यावर एक पांढरं गाठोडं. माझ्याही. ते मी दोन्ही हातांनी धरलं होतं. जड नव्हतं, आणि आतून कोमट लागत होतं. कुणी बोलत नव्हतं. पाय दमत नव्हते. कुठे जायचंय ते मला ठाऊक नव्हतं, पण ठाऊक असायची गरजही वाटत नव्हती. इतकं शांत मला जागेपणी कधी वाटलेलं नाही. जाग आली तेव्हा माझे हात डोक्यापाशी होते.

मी ते कुणाला सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय होतं? दुसऱ्या दिवशी दुपारी तेच पडलं. त्याच्या पुढच्या दिवशीही. मला तर ड्युटीवरून घरी यायची ओढ लागायला लागली.

मग एकदा उठल्यावर आम्ही दोघी चहा पीत होतो. आत्ती कपाळावरून हात फिरवत म्हणाल्या, रोज एवढं चालतीया, पन पाय म्हनून दुखत न्हाईत. मला वाटलं त्या गावाकडच्या आठवणी सांगताहेत. मी विचारलं, कुठे चालता? तर म्हणाल्या, झोपंत गं. माळानं. डोईवर गठुडं आसतंय पांढरं, नुकत्याच जन्मल्याल्या कोकरावानी ऊन लागतंय हाताला.

माझ्या हातातला कप तसाच राहिला. मी काही बोलायच्या आत त्या अगदी सहज म्हणाल्या, "तू आसतीस की माज्या म्होरं. कवाच मागं वळून बगत न्हाईस."

ते खरं होतं. मी कधीच मागे पाहिलं नव्हतं.

संजयला फोन केला तर त्याने उन्हाला दोष दिला. दोघी एका खोलीत झोपता, दिवसभर एकमेकींशीच बोलता, झोपेत काहीतरी पुटपुटत असाल. मलाही ते पटलं. म्हणजे पटवून घेतलं. पण रविवारी तो घरी होता. जेवण झाल्यावर आमच्याच शेजारी पसरला, आणि उठला तो बराच वेळ भिंतीला टेकून बसून राहिला. मी पाणी दिलं. ते हातात घेऊन म्हणाला, आई माझ्या पुढे होती. मग थोड्या वेळाने — तिच्या पुढे तू. मी गाठोड्याचं विचारलं. त्याने मोकळा हात डोक्याशी नेऊन दाखवला.

आता वाटेल की आम्ही घाबरलो असू. तसं काहीच नव्हतं. त्या संध्याकाळी आम्ही तिघं गॅलरीत बसलो, गावाकडचं बोललो, भाकरी-आमटी खाल्ली. मुंग्यांचा आणि स्वप्नाचा काही संबंध असेल, हे तर कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

पुढच्या आठवड्यात आत्तींच्या उशीवर मुंगी निघाली, अगदी डोळ्याच्या थेंबांच्या बाटलीला लागून. आत्ती धास्तावल्या. गावी एकदा कोकराच्या डोळ्यात मुंग्या शिरून ते आंधळं झालं होतं, ते त्यांनी पाहिलेलं. त्यांनीच हट्ट धरला — आजच्या आज औषध आण, लाखाचा डोळा हाय माजा. त्यांचं बरोबरच होतं. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून मुंग्यांचा खडू आणला. ओट्याखाली फटीभोवती, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आणि आत्तींच्या कॉटभोवती जाड रेघा ओढल्या. मुंग्या रेघेपर्यंत आल्या, अडखळल्या, तिथल्या तिथे फिरायला लागल्या. थोड्या वेळाने रांग मोडली. आत्ती समाधानाने आडव्या झाल्या. मीही.

माळ तोच होता. उजेडही तोच. पण माझ्या पुढे कुणी नव्हतं. माणसं इकडेतिकडे पांगली होती, गाठोडी डोक्यावर घेऊन नुसती उभी. मी पहिल्यांदाच मागे वळून पाहिलं. मागे जमिनीवर एक पांढरी रेघ होती, कबड्डीच्या मैदानावर फक्कीने आखतात तशी, पार नजर पोचेल तिथपर्यंत. आणि रेघेच्या पलीकडे आत्ती. त्या रेघेशी यायच्या, थांबायच्या, बाजूला सरकून पुन्हा यायच्या. मी हाक मारली पण आवाज फुटला नाही. मग त्या गाठोडं डोक्यावर धरूनच हळूच खाली बसल्या...

मी दचकून उठले. डोकं ठणकत होतं. आत्ती झोपल्या होत्या. चहा ठेवला, हाक मारली. उठल्या नाहीत. खांद्याला हलवलं, मग जोरात हलवलं. काही नाही. नाडी बघितली, व्यवस्थित. श्वास संथ. घरात मशीन होतं, बोटातून रक्त काढून शुगर बघितली, तीही ठीक. सुई टोचली तरी बोट हललं नाही. आणि त्यांचा उजवा हात... तो डोक्याशी होता. मी तो खाली घेतला. तो पुन्हा हळूहळू वर गेला.

मी हॉस्पिटलला फोन केला, ते गाडी पाठवतो म्हणाले. संजयला केला, त्याने उचलला नाही. आता वाट बघण्याशिवाय काम नव्हतं. आणि त्या वेळात मी जे केलं ते का केलं, हे मला आजही सांगता येणार नाही. मी पोतेरं ओलं केलं, गुडघ्यांवर बसले आणि कॉटभोवतीची रेघ पुसायला लागले. मग उंबऱ्यावरची. मग ओट्याखालची. घासून घासून पुसली, पाणी बदलून परत पुसली. मी रडत होते, असं मला नंतर कळलं.

फरशी वाळायच्या आधीच फटीतून एक मुंगी बाहेर आली. मग दुसरी. त्या ओल्या फरशीच्या कडेकडेने हॉलमध्ये आल्या आणि कॉटखाली गेल्या.

"कवाधरनं बसून हाय मी," आत्ती म्हणाल्या. डोळे मिटलेलेच होते. मी त्यांचा हात धरला. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तू पोतेरं घिऊन कशी गं आलीस तितं?"

हॉस्पिटलमध्ये सगळ्या तपासण्या झाल्या. त्यांचं रक्त मीच मशीनला लावलं. रिपोर्टमध्ये बोट ठेवायला जागा नव्हती. डॉक्टर म्हणाले, वय आहे, उष्णता आहे, कधीकधी झोप खूप गाढ लागते. मी मान डोलावली. स्वतःला मीही पुष्कळ समजावलं — खडू ओढताना त्यांनी पाहिलंच होतं, पोतेऱ्याचा ओला वास आला असेल, बादलीचा आवाज कानावर पडला असेल. असेलही.

घरी आल्यावर मुंग्यांना कुणी हात लावला नाही. आत्तींची कॉट तेवढी भिंतीपासून पुढे ओढली आणि औषधं कपाटात ठेवली. ते आत्तींनीच सुचवलं. जाऊ द्या त्यास्नी, वाईच राह्यलं आसंल, एवढंच म्हणाल्या. दुपारी आम्ही दोघी पुन्हा झोपायला लागलो. संजय विचारायचा, भीती नाही वाटत? वाटायची. पण झोप यायची.

आणि एका दुपारी माळ संपला. पुढे जमीन उतरती होती, खाली मोठं वर्तुळ असल्यासारखी मोकळी जागा. तिथे ओळीतला प्रत्येक माणूस वाकून आपलं गाठोडं ठेवत होता, अगदी जपून, झोपलेलं मूल ठेवावं तसं. माझी पाळी आली. मी ठेवलं. हात मोकळे झाल्यावर मला एकदम रडू आलं. शेजारी आत्ती वाकल्या होत्या. त्यांनीही ठेवलं, पण हात लगेच काढला नाही.

जाग आली तेव्हा आत्ती कॉटवर उठून बसल्या होत्या, दोन्ही तळवे मांडीवर उघडे ठेवून. आम्ही एकमेकींकडे बघितलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. संजय होता, कराडहून. पहिली शिफ्ट करून खोलीवर येऊन झोपला होता, आवाज अजून झोपेतला.

"मी ठेवलं," तो म्हणाला. "तुमचं झालं का?"

मी म्हटलं, झालं. त्याने बरं म्हणून फोन ठेवला.

त्या संध्याकाळी मी ओट्याखाली, कॉटखाली, गॅलरीत बघितलं. एकही मुंगी नव्हती. पुढे आत्तींचं दुसरं ऑपरेशन झालं, नीट झालं, आणि त्या गावी गेल्या. दोन्ही डोळ्यांनी आता शेळीच्या कानावरची गोचीडसुद्धा टिपतात.

लॅबमधल्या मैत्रिणीला मी हे एकदाच सांगितलं. तिने तीन-चार कारणं सांगितली, सगळी पटण्यासारखी. फक्त कराडचा फोन तिच्या कुठल्याच कारणात बसेना, तेव्हा ती म्हणाली, तो सोडून दे. मला तो सोडता येत नाही. आम्ही काय वाहून नेलं, कुणाचं नेलं, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही. आत्तींना मी एकदा विचारलं होतं की ठेवल्यावर हात का काढला नाही. त्यांनी आपले तळवे उघडून बघितले. मग म्हणाल्या, आत कायतरी हललं गं.