कातळावरची माती

कुंडीत लाल माती भिजवली की तिच्या वासाने मला ऐंशीच्या दशकातलं रत्नागिरीजवळचं सासर आठवतं. मी तेव्हा नवी नवरी होते. आमच्या वहाळाच्या पाण्याकाठच्या शेताच्या बदल्यात शेजारचे तात्या त्यांची सपाट जमीन देत होते. सासूबाईंना संशय आला. त्यांनी तिथे पहार मारली, तर वीतभर खाली ठणकन जांभ्याचा कातळ लागला.

"तात्यानू, ही माती हितली नाय. फसवताव आमाला?"

तात्यांची बायको म्हणाली, "वयनी, लग्न झाल्यापास्नं मी डोक्यावरनं टोपल्यांनी वाहिलीय ती. कातळाची माती व्हायची वाट कोण बघंल?"

"खोटारडी!" परतताना सासूबाई पुटपुटल्या. अदलाबदल मोडली.

त्या बाईच्या टाळूवर केस नव्हते. तेव्हा मला तो आजार वाटला होता.